डाव्या सीटपुरती हवा

मानखुर्दच्या वसाहतीत दादू पाईकरावला ओळखत नाही असा माणूस मिळणं कठीण, आणि त्याच्या पिकअपमध्ये एकदा बसून दुसऱ्यांदा हौसेने बसला असा माणूस मिळणं त्याहून कठीण. कुणाचं कपाट हलवायचं असो की कुणाच्या मुलाचा साखरपुडा, हाक दादूलाच जायची आणि दादू कुणाला नाही म्हणायचा नाही. जाताना माणसं गाणी म्हणत जायची. येताना त्यातली निम्मी काहीतरी काम काढून रिक्षाने यायची. दादूला आपलं वाटायचं, लोकांना फार कामं असतात.

खरी गोष्ट अशी की गाडी म्हणजे दगड होती. दीड टन माल ओढायला बनवलेली. मागच्या चाकांवर स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांची ही जाड थप्पी. माल असला की पाटे दबतात आणि गाडी शहाण्यासारखी चालते. रिकामी असली की दबायला काही नसतं, मग रस्त्यातला एकेक खड्डा जसाच्या तसा माणसाच्या कंबरेत पोचतो. त्यात दादू मागच्या टायरांत पासष्ट पाउंड हवा ठासायचा. माल असो नसो, पासष्ट. गाडी शिकवणाऱ्या उस्तादाने त्याला एकोणिसाव्या वर्षी बजावलं होतं की मालाखाली टायर बसला तर धंदा बसला, आणि उस्तादाचा शब्द दादूने कधी खाली पडू दिला नव्हता. मुंबईतले कितीतरी पिकअपवाले हेच करतात, त्यामुळे त्याला एकट्याला दोष देण्यातही अर्थ नाही.

अशा गाडीच्या डाव्या सीटवर त्याची बायको शकु बावीस वर्षं बसली.

ती का बसली हे समजायला त्यांचं जुनं घर डोळ्यांपुढे आणावं लागेल. दादू हिंगोलीकडच्या एका खेड्यातून चुलत्याबरोबर आला, आधी क्लीनर झाला, मग ड्रायव्हर, मग गाडीमालक. लग्न होऊन शकु आली ती दहा बाय बाराच्या खोलीत. तिथे दादूची आई, दोन धाकटे भाऊ, एक शिवणयंत्र, आणि भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. नवराबायकोने एकमेकांशी बोलायचं म्हणजे काय बोलायचं? भाजीत मीठ कमी आहे, एवढंच. दुसरं काही बोललं तर चार जण ऐकणार आणि पाचवा सल्ला देणार. शकु त्या घरात इतकी गप्प असायची की सासूने पहिली दोन वर्षं सगळ्यांना सांगितलं, माझी सून गरीब गाय आहे.

गाय कसली! तिची जीभ केबिनमध्ये सुटायची.

दर रविवारी मरोळच्या एका कारखान्यातून पंपाच्या सुट्या भागांच्या पेट्या माहुलला पोचवायच्या असत. दादूने आईला सांगून टाकलं की माल मोजायला सोबत माणूस लागतो, शकुला नेतो. तीन पेट्या मोजायला माणूस कशाला लागतो हे म्हातारीने कधी विचारलं नाही, यातच काय ते समजा. मरोळहून निघालं की शकुचा पदर खांद्यावरून घसरायचा, चप्पल पायातून निघायची आणि तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. वसाहतीतल्या सगळ्या बायकांच्या नकला, धाकट्या दिरासाठी आलेली स्थळं, अंगणवाडीतल्या मॅडमचा तोरा. पेट्या उतरवून झाल्या की दादू गाडी माहुलच्या खाडीकाठी लावायचा. एका अंगाला तेलाच्या गोल गोल टाक्या, दुसऱ्या अंगाला चिखलात कलंडलेल्या कोळ्यांच्या होड्या, आणि थंडीच्या दिवसांत लांब पाण्यात उभे असलेले गुलाबी फ्लेमिंगो. शकु सीटवर मांडी घालून डबा उघडायची. मुलीचं नाव दर्शना ठेवायचं, ते तिथे ठरलं. भाड्याची गाडी सोडून स्वतःची घ्यायची, तेही तिथेच. एकदा दोघं कडाकडा भांडले तेही तिथेच, कारण घरी भांडायलाही जागा नव्हती.

पुढे सगळं बदललं. आई गेली. भाऊ आपापल्या संसाराला लागले. दादूला पाचव्या मजल्यावर लिफ्टवालं घर मिळालं, दर्शना शिकून घाटकोपरला एका ऑफिसात लागली. आता घरात बोलायला जागाच जागा होती. पण सवय ती सवय. घरात शकु कामापुरतं बोलायची, आणि आठवडाभराचं सगळं साठवून रविवारी डाव्या सीटवर रितं करायची. दादूही आठवडाभर तिच्या त्या बोलण्याची वाट बघायचा. हे त्याने तिला कधी सांगितलं नाही. सांगायचं असतं हेही त्याला ठाऊक नव्हतं.

मग शकुची पाठ दुखायला लागली. आधी बाम झाला, मग गोळ्या झाल्या, मग एक दिवस भाकरी थापताना तिचे पायच गेले आणि ती ओट्याला धरून खाली बसली. मणक्यात टीबी निघाला. ऑपरेशन झालं, पाठीत दोन सळ्या बसल्या, वर दीड वर्षाची औषधं. पहिले चार महिने ती छताकडे बघत पडून होती. मग कुशीवर, मग काठी धरून, मग काठीशिवाय पॅसेजच्या टोकापर्यंत. दादूने या काळात काय केलं नाही? स्वयंपाक शिकला, तिची वेणी घालायला शिकला, गोळ्यांच्या वेळा तर त्याला झोपेत विचारल्या असत्या तरी सांगता आल्या असत्या. पण रविवार आला की त्याला चैन पडायचं नाही. मरोळहून माहुलला तो एकटाच जायचा. पेट्या उतरवायचा आणि खाडीकडे न वळता सरळ घरी यायचा. चौदा महिने असे गेले. डाव्या सीटवर त्याने एकदाही माल ठेवला नाही, दुसऱ्या माणसालाही शक्यतो बसवलं नाही.

जानेवारीत डॉक्टर म्हणाले, आता थोडं बाहेर पडा. अर्धा-पाऊण तास बसायला हरकत नाही. फक्त धक्के नकोत.

त्या संध्याकाळी दादूने तिच्यासमोर चहा ठेवला आणि उगाच टीव्हीकडे बघत म्हणाला, "येत्या रविवारी माहुलला जायचं का?"

"पिकअपमधून?" शकु हसली. "नको बाई. तुमच्या त्या पासष्ट पाउंडात माझ्या सळ्या बाहेर पडतील."

दर्शना आतून म्हणाली, "पप्पा, टॅक्सी करू ना. मी करते बुक. आरामात जाल दोघं."

"टॅक्सीत तिसरा माणूस असतो," दादू म्हणाला.

दर्शनाला वाटलं, बाप विनोद करतोय. शकुला तसं वाटलं नाही. तिने कपातला चहा थोडा हलवला आणि म्हणाली, "मग हवा कमी करा. येते मी."

ती सहज म्हणाली असेल. माणसं म्हणतात असं. पण दादूने तो शब्द गाठीला बांधला. शकु दवाखान्यात टॅक्सीने जातच होती, तेव्हा प्रश्न कुठे जाण्याचा नव्हताच. त्याला ती डाव्या सीटवर हवी होती, चप्पल काढून, तोंडाचा पट्टा सुरू करून. बाकी कशासाठी त्याचा जीव एवढा टांगलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुलाखालच्या श्यामसुंदरच्या दुकानात गेला. श्यामसुंदर मालवणकडचा, पस्तीस वर्षं मानखुर्दात पंक्चर काढतोय, पण बोली काही सोडली नाही.

"मागची हवा काढ," दादू म्हणाला.

"खुळो झालंस काय?" श्यामसुंदर म्हणाला. "माणसां माझ्याकडे हवा भरूक येतत, तू काढूक इलंस?"

दादूने सगळं सांगितलं. श्यामसुंदर ऐकत राहिला, मग त्याने पिकअपचं दार उघडलं आणि दाराच्या चौकटीवरचा एक कळकट चौकोन अंगठ्याने घासला. खाली स्टिकर निघाला. त्यावर रिकाम्या गाडीची हवा वेगळी दिली होती आणि भरलेल्या गाडीची वेगळी. दादू गेली नऊ वर्षं दिवसातून वीस वेळा ते दार उघडत होता.

"रिकाम्याक मागे पंचेचाळीस," श्यामसुंदर म्हणाला. "ह्यां वाचलंस कधी?"

उस्तादालाही हे माहीत नसेल का, की माहीत असून सांगितलं नसेल, असा एक विचार दादूच्या मनात येऊन गेला. मग आणखी एक आला आणि तो जास्त लागला. बावीस वर्षं ती त्या पासष्टवर बसली होती, आणि त्यातली नऊ वर्षं पंचेचाळीस दारावरच लिहिलेलं होतं.

श्यामसुंदरने त्याला दोन गोष्टी शिकवल्या. हवा सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजायची, कारण चालून आलेला टायर गरम होतो आणि काटा खोटं बोलतो. आणि एका वेळी दोन पाउंडांपेक्षा जास्त उतरायचं नाही. उतरायचं, चालवून बघायचं, मग पुन्हा उतरायचं. दादूने स्वतःचा हवा मोजायचा गेज विकत घेतला. वसाहतीतली माणसं सकाळी दुधाला निघाली की त्यांना पाईकराव टायरापाशी उकिडवा बसलेला दिसायचा. पासष्टचे साठ झाले, पंचावन्न झाले, पन्नास झाले. दर खेपेला तो वसाहतीतल्या मैदानाभोवतीच्या रस्त्यावर एक चक्कर मारायचा. तिथल्या गतिरोधकावर गाडी किती आपटते ते बघायचा आणि घरी जाऊन शकुला सांगायचा, "आज अठ्ठेचाळीस."

"ताप उतरतोय म्हणायचा," शकु म्हणायची.

पंचेचाळीसला गाडी बरीच निवली. एखादा शहाणा माणूस तिथे थांबला असता. पण दादूला हाव सुटली. पंचेचाळीसने एवढा फरक पडतो तर पस्तीसने किती पडेल? त्याने मागे पस्तीस केली, पुढेही खाली आणली, आणि गाडी खरोखर लोण्यासारखी चालायला लागली. स्टिअरिंग जरा जड झालं, वळणावर गाडी डुलायला लागली, पण तो खुशीत होता. त्याच खुशीत बुधवारी मरोळला त्याने सव्वा टन बिडाचे भाग भरले आणि हवा पुन्हा वाढवायची साफ विसरला. माल भरला की हवा बघायची सवयच त्याला नव्हती. आयुष्यभर एकच आकडा ठेवणाऱ्या माणसाला ती असणार कुठून? घाटकोपर ओलांडल्यावर रबराचा वास आला. उतरून बघतो तर मागचा डावा टायर हात लावू देईना इतका तापलेला, आणि त्याची बाहेरची बाजू चिरलेली. वाट लागली होती.

श्यामसुंदरने त्याला चारचौघांत झाडलं. दादूने मान खाली घालून ऐकून घेतलं. टायरचं दुःख होतंच, पण दुकानात बाकावर बसल्या बसल्या त्याच्या डोळ्यांपुढे भलतंच काही आलं. ती बाजूला बसलेली असताना हे झालं असतं तर? त्याला पाणी मागावंसं वाटलं, पण त्याने मागितलं नाही.

राग ओसरल्यावर श्यामसुंदरच म्हणाला की नुसती हवा उतरवून भागत नाही, पाट्यांवर वजन हवं. रिकाम्या गाडीला कितीही गोंजारलं तरी ती उडणारच. मग दोघांनी मिळून हिशोब बसवला. मागच्या चाकांच्या बरोबर वर वाळूच्या दहा गोण्या, मागे अठ्ठेचाळीस, पुढे चौतीस. पुढची चाकं महत्त्वाची, कारण केबिन त्यांच्यावर बसतं. खड्ड्याची पहिली बातमी तिथूनच येते. ज्या माणसाने आयुष्यभर गोण्या भाड्यासाठी वाहिल्या तो आता दर सकाळी गोण्या नुसत्याच गाडीत घालून मैदानाभोवती फिरायला लागला. लोक हसले. हसणारच.

पण आपल्याला काय वाटतं यावर दादूचा भरवसा उरला नव्हता. ड्रायव्हरच्या हातात स्टिअरिंग असतं, त्याला धक्का आधी कळतो, तो अंग सावरतो. डावीकडे कसं लागतं? हा प्रश्न त्याला बावीस वर्षांत पहिल्यांदा पडला. भाऊराव नावाचा त्याचा जुना जोडीदार, तोही ड्रायव्हर, त्याला त्याने गाडी चालवायला बसवलं, आणि स्वतः शकुचा ऑपरेशननंतरचा जुना, सैल झालेला कंबरेचा पट्टा शर्टाखाली बांधून डाव्या सीटवर बसला.

"पट्टा कशाला रे?" भाऊरावने विचारलं.

"तू चालव. मी चालवतो तशी चालव."

चेंबूरपर्यंत जाऊन ते परत आले. हवा बरोबर होती, गोण्या बरोबर होत्या, गाडी चांगलीच मऊ झाली होती. दादूला कळलं ते वेगळंच. रस्त्याची डावी कड ही खरी वाईट. गटारांची झाकणं डावीकडे, खचलेले पेव्हर ब्लॉक डावीकडे, खोदून अर्धवट बुजवलेले चर डावीकडे. आणि भाऊराव अगदी दादूसारखीच गाडी चालवत होता. समोर खड्डा आला की ड्रायव्हर चाक वळवतो ते आपल्या बाजूचं वाचवायला. डावं चाक पडतं खड्ड्यात. दर वेळी पडतं. दादूने मनातल्या मनात बावीस वर्षांचे रविवार मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली.

घरी आल्यावर तो शकुच्या पलंगापाशी बसला.

"तू कधी बोलली नाहीस?"

"काय?"

"डावीकडे एवढं आपटतं ते."

शकु लसूण सोलत होती. तिने वर बघितलं नाही. "बोलले असते तर पुन्हा नेलं असतं का तुम्ही?"

दादू उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. खाली त्याची पिकअप उभी होती. तिचा त्याला पहिल्यांदाच राग आला.

त्यानंतरचे पंधरा दिवस तो नवशिक्यासारखा गाडी चालवत होता. सगळी नजर डाव्या चाकावर. खड्डा आपल्याकडे घ्यायचा, तिकडचा चुकवायचा. पाठीमागचे रिक्षावाले शिव्या घालायचे. माहुलच्या रस्त्यावर कुठे काय आहे हे त्याने तोंडपाठ केलं. मार्चमधला एक रविवार ठरला. आठवडाभर आधीपासून शकु पॅसेजमध्ये रोज दोन खेपा जास्त चालायला लागली. शनिवारी तिने दर्शनाकडून हिरवी साडी कपाटातून काढून घेतली आणि डब्याला काय करायचं ते स्वतः सांगितलं. त्या रात्री कधी नव्हे ते ती घरात बोलली. फ्लेमिंगो अजून असतील का, खाडीकाठी भेटायची त्या कोळिणीची सून आता केवढी झाली असेल, असं बरंच काही. दादू अंधारात पडल्या पडल्या हुंकार देत होता आणि त्याचं काळीज भरून येत होतं.

सकाळी थंड टायरांची हवा त्याने दोनदा मोजली. गाडी इमारतीच्या दारात लावली, डावी बाजू दाराकडे करून. डाव्या सीटवर धुतलेली चादर घडी घालून अंथरली. लिफ्टमधून शकु आली, दर्शनाचा हात धरून. हिरवी साडी, केसांत पिन, ओठांवर दाबून धरलेलं हसू. चौथ्या मजल्यावरची सुनंदा खास बघायला खाली आली होती. दादूने दार उघडलं.

शकुने एका हाताने दार धरलं, दुसरा हात सीटवर ठेवला आणि उजवा पाय उचलला.

पाय जमिनीपासून वीतभर वर आला. पायरी त्याच्या आणखी वीतभर वर होती.

तिने पुन्हा उचलला. मग पाय बदलून डावा उचलला. त्या पायात तर आजारापासून जोरच नव्हता. घरात, लिफ्टमध्ये, पॅसेजमध्ये कधी चढायची वेळ आली नव्हती, त्यामुळे तिलाही त्याचा विसर पडला होता. सुनंदाने धावत जाऊन घरातला बुटका स्टूल आणला. दोघींच्या आधाराने शकु स्टुलावर कशीबशी उभी राहिली. पण तिथून आत जायचं तर कंबरेत वाकून, अंग पिळून, डोकं दाराखालून घालायचं. सळ्या घातलेली पाठ ना वाकत होती ना पिळत होती. ती दाराच्या चौकटीपाशी ताठ उभी राहिली. तिच्या कपाळावर घाम आला होता.

दादू बघत राहिला. दोन महिने त्याने पाउंड मोजले होते, गोण्या वाहिल्या होत्या, खड्डे पाठ केले होते. पट्टा बांधून तो स्वतः त्याच दारातून चढला होता, पण त्याच्या पायांना त्या पायरीची एवढी सवय होती की पायरी आहे हेच डोक्यात आलं नव्हतं. तीस वर्षं जो माणूस रोज वीस वेळा चढतो-उतरतो त्याला विचारा, तुझी पायरी किती उंच आहे? त्याला सांगता येणार नाही. हवा काढून गाडी फार तर अर्धा इंच खाली आली असेल.

"आपण उचलून बसवू ना," सुनंदा म्हणाली. "तू खांदे धर दर्शना, मी पाय धरते."

"काही नको," शकु म्हणाली. "मी काय गॅसचा सिलिंडर आहे?"

सुनंदा हसली, दर्शना हसली. शकुही हसली, पण स्टुलावरून उतरताना तिने दादूच्या खांद्याला जे घट्ट धरलं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. दादूचा चेहरा उतरला होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं. माझी चूक झाली, असं काहीतरी. पण त्याने नुसता स्टूल उचलून बाजूला ठेवला.

"दर्शना, खुर्ची आण," शकु म्हणाली. "तिथे ठेव, कडेला."

प्लास्टिकची खुर्ची फुटपाथच्या कडेला ठेवली गेली. शकु तिच्यावर ताठ बसली, साडी सारखी केली आणि दादूला म्हणाली, "एवढं केलंत ते दाखवा तरी. फिरवा गाडी."

"कशाला आता?"

"फिरवा म्हणते ना."

दादू वर चढला. गाडी सुरू केली आणि मैदानाभोवतीच्या रस्त्याला लावली. आठ इमारती, मध्ये मैदान, भोवती गोल रस्ता. परत तिच्यासमोर आला तेव्हा गतिरोधक तिच्या पुढ्यातच होता. गाडी त्याच्यावर चढली आणि उतरली, आपटली नाही.

"खरंच उडत नाही हो!" शकु मोठ्याने म्हणाली. "झकास! आणखी एक मारा."

त्याने आणखी एक मारली. या वेळी सुनंदानेही टाळ्या वाजवल्या. दादूला हसणं भाग पडलं. पण शकु बसली होती त्याच्या डाव्या हाताला, आणि तिच्याकडे बघायचं तर त्याला त्या घडी घातलेल्या चादरीवरूनच बघावं लागत होतं. आपल्याला किती वाईट वाटतंय हे तिला दिसू नये म्हणून तो समोर बघत पुढे गेला. इतके महिने त्याने हेच मानलं होतं की ओढ आहे ती त्याची. शकु आजारी आहे, तिला पाठ आहे, गोळ्या आहेत. रविवारची वाट बघतो तो आपण एकटेच. ती हो म्हणाली तीही आपलं मन राखायला म्हणूनच, अशी त्याची समजूत होती.

"आणखी एक," शकुने हात वर केला.

तिसऱ्या चकरेला तो अगदी सावकाश आला. पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या गतीने. सुनंदा वर निघून गेली होती. दर्शना फोनवर बोलत लांब उभी होती. गतिरोधकाच्या अलीकडे त्याने मान वळवली आणि डाव्या खिडकीतून बायकोकडे बघितलं. तिला आपण कुणाला दिसतोय याचं भान नव्हतं. ती टायरांकडे बघत नव्हती. दादूकडेही बघत नव्हती. ती त्या खिडकीतल्या रिकाम्या जागेकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते, काहीतरी भराभरा सांगितल्यासारखे. गाडी पुढे सरकली तशी तिची मान त्या खिडकीमागोमाग वळत गेली, आणि पुढे वळेना तेव्हा ती खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकून उभी राहिली.